गुळाच्या काट्यावरचं वजन

माझी जीभ तिखट आहे, हे मला लहानपणापासून ऐकवण्यात आलं आहे. वाईला माहेरी आई म्हणायची, या मुलीच्या लग्नात अंतरपाट हिच्या तोंडावरच बांधावा लागेल. लग्न झालं. तिसऱ्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. हिचं पुढं काय करायचं, याची सासरी आणि माहेरी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मीच सांगून टाकलं की मी नर्सिंग शिकणार. कोपऱ्यात बसून दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यापेक्षा ते बरं, असंही म्हणाले. नर्स सगळ्या जातींना शिवते म्हणून त्यानंतर काही वर्षं वाईच्या घरी मला पाणी वेगळ्या भांड्यातून मिळायचं. मी ते पिऊन भांडं पालथं घालून निघायचे.

सांगलीकडं शिकून मी कराडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला लागले. पुढं तपासण्याची खोली, मागं चार खाटा, आणि त्यामागं माझी राहायची खोली. डॉक्टर साठीच्या घरातले, बोलणं बेताचं. रोगी तपासायचे, चिठ्ठी लिहायचे आणि माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "पुढचं बाई समजावतील." समजावण्याचं खातं माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. माझी रीत एकच, दरडावायचं. खेड्यातला माणूस डॉक्टरांपुढं सगळ्याला मान डोलावतो आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतो, पालथ्या घड्यावर पाणी, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा कारणं सांगत बसण्यात अर्थ नाही. थोडक्यात सांगावं, जोरात सांगावं, आणि ऐकलं नाही तर पुढच्या खेपेला चारचौघांत पाणउतारा करावा. लोक मला घाबरत. घाबरतात म्हणजे ऐकतात, असं मी धरून चालले होते.

काळीज दमलेले रोगी आमच्याकडं बरेच यायचे. पाय सुजलेले, पोट तटतटलेलं, आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपणारे. लोक त्याला धाप म्हणत, सूज म्हणत, कुणी करणी म्हणत. डॉक्टरांकडं त्यावर दोन औषधं होती. एक गोळी, काळजाला बळ देणारी, रोज घ्यायची. दुसरं पाऱ्याचं इंजेक्शन. ते दिलं की अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे उतरायचं आणि माणूस दोन दिवसांत निम्मा व्हायचा. पण लढाई चालू होती. गोळ्या कशाबशा मिळत. इंजेक्शनाच्या कुप्या मुंबईहून यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात कपाटात सहा कुप्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी त्या कपाटाची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली होती.

औषध कमी, म्हणून पथ्य जास्त. मीठ बंद. लोणचं, पापड, खर्डा, सुकी मासळी, सगळं बंद. पाणी मोजून, दिवसाला दोन तांबे. हे मी इतक्यांदा ओरडून सांगितलं आहे की रस्त्यावरची पोरं मला 'मीठबंदीची बाई' म्हणायची. मीठ सोडणं किती अवघड असतं ते मला कळत नव्हतं असं नाही. एका म्हाताऱ्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, "आळणी खाऊन जगन्यापरीस खारट खाऊन मरंन." मी त्याला म्हटलं, मग मरा, पण माझ्या खाटेवर नको. तो चिडून गेला आणि खरंच महिन्याभरात मेला. त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही. माझं ऐकलं नाही, मेला, असं म्हणून मी मोकळी झाले.

त्या दिवाळीनंतर नदीपलीकडच्या एका गावातून एक माणूस आला. नावेतून अलीकडं आणला आणि तिथून बैलगाडीत घालून. पंचावन्नचा असावा. आधीच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन जमादार होऊन परतला होता, त्यामुळं सगळं गाव त्याला जमादारच म्हणायचं. ऊस होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. बरोबर धाकटा भाऊ होता आणि बायको. बायको ठेंगणी, सावळी, माणसांत फार न बोलणारी. बारा दिवस ती खाटेशेजारी जमिनीवर बसून होती आणि नवऱ्याला आळणी भाकरी तर आपल्यालाही आळणी, असं तिचं ठरलेलं होतं. कुणी तिला ते सांगितलं नव्हतं.

जमादार मला 'शिष्टर' म्हणायचे. बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात महिनाभर पडून होते, तिथं शिकलेला शब्द. पहिल्या दिवशी धड बोलता येत नव्हतं, एका वाक्याला चार वेळा दम खात होते, तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "शिष्टर, थोरलं पोरगं ब्रह्मदेशाकडं लढाईवर हाय. पत्र आलंय. शिमग्याला रजा गावनार हाय. तवर मला उभा ठिवा. म्होरं काय बी हू द्या."

मी म्हटलं, माझं ऐकलंत तर उभे राहाल.

डॉक्टरांनी एक कुपी फोडली. दोन दिवसांत पाणी उतरलं. पाय हडकले, गालांची हाडं वर आली, आणि दहाव्या दिवशी जमादार एका उशीवर आडवे झोपले. त्यांच्यासारखा रोगी मी पाहिला नव्हता. गोळीची वेळ माझ्याआधी त्यांच्या लक्षात असायची. पाण्याचा दुसरा तांब्या संपला की तो उलटा करून ठेवत आणि मला दाखवत. शेजारच्या खाटेवरच्याच्या घरून ठेचा आला, तर मला हाक मारून त्याची चुगली केली. मला हा माणूस फार आवडायला लागला. सगळे असे असते तर, असं मी डॉक्टरांना म्हणालेही.

घरी पाठवायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे दुखणं बरं होणारं नाही, फक्त सांभाळण्याचं आहे. पाणी पुन्हा साठणार. पायावर सूज दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी वजन वाढतं. दोन-तीन शेर वाढलं की लगेच आणलं, तर गोळी वाढवून किंवा थोड्या इंजेक्शनानं भागेल. उशीर झाला तर आहे ती कुपीही कामाची नाही. आमच्या दवाखान्यात वजनाचा काटा होता, पण नदी ओलांडून रोज कोण येणार? ते धाकट्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "गुऱ्हाळात काटा हाय की. ढेपा तोलायचा. त्याच्या पारड्यात दोन मानसं बसत्याल." मला इतका आनंद झाला. घरचाच काटा, रोजचं वजन. मी भिंतीवर कोळशानं रेघा कशा मारायच्या तेही दाखवलं. एक रेघ म्हणजे एक शेर.

निघायच्या दिवशी पुढच्या खोलीत गर्दी होती. मी गोळ्यांची पुडी बांधत उभ्या उभ्या सांगून टाकलं. मीठ बंद, पाणी दोन तांबे, गोळी रोज, सकाळी उठल्यावर वजन. वजन वाढलं की मला कळवायचं.

बायको खालीच बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "आवं बाई, वाढलं तर कळवायचं. आन् घटलं तर?"

"मी काय म्हणाले? वाढलं तर. सांगते तेवढं करा. वरचं डोकं चालवू नका."

"न्हाई, म्हंजे वाढल्यावर काय हुतं, त्ये..."

जमादारांनीच तिला गप्प केलं. "शिष्टरचा हुकूम हाय. हुकमाला का म्हनून इचारायचं नसतंय." आणि मला सलाम ठोकला. मला तो सलाम आवडला. ती खाली मान घालून बोचकं बांधू लागली आणि मी पुढच्या रोग्याकडं वळले. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

पंधरा दिवसांनी ती तिघं गोळ्या न्यायला आली. जमादार गाडीतून स्वतः उतरले. मी त्यांना मुद्दाम बाकावर सगळ्यांच्या मध्ये बसवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, बघा, पथ्य केलं की माणूस असा चालत येतो. जमादार छाती काढून बसले. वजन विचारलं, तर जिथल्या तिथं. एक मण अठरा शेर, रेघ हललेली नाही. मी खूश.

निघताना बायको माझ्यामागं पडवीत आली. हळूच म्हणाली, "मालक लय वाळलं वं. सदरा अंगात ऱ्हाईना. बरगड्या मोजून घ्याव्या. आया-बाया बघून तोंड फिरवत्यात."

"बरे होताहेत ते. वाळू द्या."

एवढंच बोलले. मला वाटलं, उत्तर झालं. सुजलेला माणूस तिला धडधाकट वाटत होता आणि सूज उतरलेला माणूस तिला मरणाच्या वाटेवर दिसत होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तिच्या गावात आजारी माणूस सुधारतो म्हणजे त्याचं अंग भरतं. पोर भरतं, बैल भरतो, ऊस भरतो. भरलं ते चांगलं आणि वाळलं ते गेलं. मीसुद्धा वाईला हेच ऐकत मोठी झाले होते, पण चार पुस्तकं शिकल्यावर माणूस आपलं आधीचं सगळं विसरतो आणि दुसऱ्यालाही ते ठाऊक नसेल असं धरून चालतो.

नंतर महिनाभर जमादार आले नाहीत. गुऱ्हाळाचा हंगाम जोरात होता. भाऊ बाजारच्या दिवशी येऊन गोळ्या घेऊन जायचा. दोनदा आला. दोन्ही खेपांना मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, झ्याक हाय. दुसऱ्या खेपेला मी वजनाचं विचारलं नाही. गर्दी होती असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं तर त्या दिवशी चार माणसंसुद्धा नव्हती.

पौष संपता संपता भाऊ पुन्हा आला. बाजाराचा दिवस नव्हता. नवा पटका बांधला होता आणि हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं काही होतं. ते त्यानं टेबलावर ठेवून सोडलं. नव्या गुळाचा मोठा खडा, पिवळाधमक, हळद-कुंकू लागलेला.

"काय हे?"

"प्रसाद हाय. दादांची तुला झाली. वैनीनं म्हसवडच्या नाथाला नवस बोलला हुता. मालकांचं अंग पयल्यावानी भरलं तर वजनायेवढा गूळ वाटीन. भरलं की. तुमीच म्हनाला हुता न्हवं, वजन वाढलं की कळवायचं? म्हनून आधी तुमच्याकडं आलो."

मी हातातलं काम टाकून उठले. विचारलं, किती वाढलं?

"लय वाढलं. दोन ढेपात भागंल असं वाटलं हुतं, न्हाई भागलं. तिसरी फोडून घालावी लागली."

कधीपासून वाढतंय म्हणून विचारलं, तर तीन आठवडे झाले. पहिला शेर चढला तेव्हाच घरात आनंद झाला होता. मग रोज सकाळी सगळं घर काट्याभोवती जमायचं. कळवायचं त्यांच्या मनात होतंच. पण चांगली बातमी देवाचं देणं फेडून मग सांगावी, रिकाम्या हातानं येऊ नये, म्हणून चांगला वार बघून तुला केली आणि मग तो आला. त्यांनी माझा एक शब्दही मोडला नव्हता.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.  जानव्याची किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. दोन कुप्या होत्या, त्यातली एक घेतली. आम्ही टांग्यानं नदीपर्यंत आणि पुढं नावेनं गेलो. भाऊ नावेत पुढं बसला होता. आमची तोंडं पाहून त्याला काहीतरी कळलं असावं, पण त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

गुऱ्हाळ गावाच्या कडेला, घराला लागूनच होतं. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता, सगळीकडं तो गोड वास. पुढच्या मोकळ्या जागेत घोंगडीवर, कडब्याच्या पेंढ्यांना टेकवून जमादारांना बसवलं होतं. गळ्यात झेंडूची माळ. तोंड गोल झालेलं, डोळे बारीक झालेले, आणि पाय एवढे सुजलेले की कातडी चकाकत होती. ओठ निळे. लोक येऊन पाया पडत होते, गूळ घेऊन जात होते. बायको नवं लुगडं नेसून गूळ वाटत होती. मला बघून ती लगबगीनं आली आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

जमादारांनी हात वर करायचा प्रयत्न केला. "शिष्टर," ते म्हणाले, आणि दम लागला म्हणून थांबले. "हुकूम... पाळला."

मी त्यांच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. माझ्यामागं भिंत होती, तिच्यावर कोळशाच्या रेघा. सुरुवातीच्या दिवसांच्या सारख्या, मग एक एक करून चढत गेलेल्या. शेवटच्या रेघेला कुंकवाची बोटं ओढली होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बायकोला सांगितलं, गर्दी हटवा, यांना घरात न्या. ती गोंधळली. "बरं हायत की," म्हणाली. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, बाई थांबतील. आणि संध्याकाळच्या नावेनं ते परत गेले.

मी थांबले. लघवी उतरण्याची वाट बघत बसले. उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांनी विचारलं, "शिमगा... किती दीस?" बायकोनं बोटांवर मोजून सांगितलं, दीड महिना. त्यांनी मान हलवली. त्यांना अजून तेवढं जमेल असं वाटत होतं की नाही, मला कळलं नाही. मध्यान्हीला गेले. बाहेर काहील उतरवण्याची वेळ झाली होती आणि गूळ करणारा गुळव्याही धावत घरात आला होता, त्यामुळं त्या दिवशीचा गूळ करपला. तो करपलेला वास घेऊन मी नावेत बसले.

डॉक्टरांनी मला फक्त एकदा विचारलं.

"वजनाचं त्यांना सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. वाढलं की कळवा म्हणून."

"का, ते सांगितलं होतं?"

मी उकळलेल्या सुया पुसत राहिले.  डॉक्टर एवढंच म्हणाले, की पहिल्या आठवड्यात आला असता तर शिमगा दिसला असता, पुढचं सांगता येत नाही. ते बोलले नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि ते बोलले हेच बरोबर होतं. आठ-दहा दिवस मी कुणावर ओरडले नाही. रोग्यांना वाटलं बाई आजारी आहेत.

पुढं मी पुष्कळ वर्षं हे काम केलं, आणि माझी रीत बदलली. रोग्याला सगळं सांगून झालं की मी म्हणायचे, आता मी तुमच्या गावची शेजारीण आहे, मला सांगा दवाखान्यातल्या बाईनं काय सांगितलं आणि का सांगितलं. मग काय काय ऐकायला मिळायचं! एकीनं मीठ बंद म्हणून चुलीतलं राखेचं पाणी घालायला सुरुवात केली होती. एकानं गोळी रोज एक, म्हणून मागच्या चार दिवसांच्या राहिलेल्या चार गोळ्या एकदम घेतल्या होत्या. आधीसुद्धा हेच चालत असणार, मी ऐकलं नव्हतं एवढंच. जीभ माझी तिखटच राहिली. स्वभावाला औषध नाही. पण 'वरचं डोकं चालवू नका' हे शब्द त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

मोटेचा दाखला मी लोकांना द्यायचे. मोटेचा बैल दमला की पाणी वर येत नाही, विहिरीतच चढत जातं. तसं काळीज दमलं की पाणी अंगात चढतं. अंग जड होतं ते मांसानं नाही, पाण्यानं. शेतकऱ्याला हे एका झटक्यात समजतं. हा दाखला मला पहिल्यांदा सुचला तो मात्र रोग्याला सांगताना नाही.

जमादारांचं तेरावं होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी दवाखाना रिकामा होता. त्यांची बायको दिरासोबत आली. दीर बाहेर गाडीपाशी थांबला. कपाळ मोकळं झालेलं, हातात बांगड्या नाहीत. तिनं उरलेल्या गोळ्यांची पुडी माझ्यापुढं ठेवली. "दुसऱ्या कुनाला हुतील," म्हणाली. मी तिला बाकावर बसायला सांगितलं, पण ती खालीच बसली. मग मीही खाली बसले.

तिनं दारातून बाहेर दिराकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाई, एक सांगायचं हुतं. घरात कुनाला बोलले न्हाई. बोलले तर मला हुबं करनार न्हाईत."

"बोला."

"नवस वजनायेवढा गूळ वाटायचा हुता. समदा. घरात खडा बी ठेवायचा न्हाई. तिसरी ढेप फोडली तवा त्यातला एक खडा मी पदराला बांधला. पोराला ठिवला. बापाच्या तुलंचा गूळ त्याच्या तोंडात पडावा, एवढंच मनात हुतं. तेवढी खोट आली वजनात." तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. "नाथानं मालक नेलं. माझ्या हावंपायी गेलं."

मला एक सोपा रस्ता होता. देव असा नसतो, असं म्हणायचं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. ती रडली असती, मोकळी झाली असती आणि गेली असती, आणि गावात माझं नाव होतं तसंच राहिलं असतं. खरं सांगते, ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ही बाई घरी जाऊन जन्मभर त्या खड्याकडं बघत बसणार, हेही मला दिसत होतं.

मी तिला सगळं सांगितलं. मोटेचं, बैलाचं, विहिरीचं. रेघा चढत होत्या त्या पाण्याच्या होत्या हे सांगितलं. पहिल्या रेघेला आणलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होती. मधे एकदाच बोलली.

"म्हंजे अंग भरलं न्हवतं."

"नाही."

"पानी हुतं."

"पाणी होतं. मला ते ठाऊक होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही. चूक माझी आहे."

आता ती काय बोलेल याची मी वाट बघत होते. मला शिव्या द्याव्यात, दिराला आत बोलवावं, बाहेर जाऊन बाजारभर सांगावं. त्यातलं काहीही मला चाललं असतं. मला ते हवंच होतं म्हणा ना.

तिनं कमरेचा कापडी कसा काढला. त्यात फडक्यात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. थोडा काळवंडला होता, कडेनं पाझरला होता. तो तिनं तळहातावर घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"मंग ह्यात दोष न्हाई," ती म्हणाली. "पोराला द्यायला हरकत न्हाई?"

"नाही. द्या."

"खाल्ला तर त्याला काय हुनार न्हाई? लढाईवर हाय त्यो."

"काही होणार नाही."

तिनं खडा परत फडक्यात बांधला, कमरेला खोचला आणि उठली. मग वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. मला पाय मागं घ्यायलाही सुचलं नाही.